गोल्फ कार्टमध्ये एटीव्हीचं इंजिन बसवतोय, मागच्या सस्पेन्शनचं काय करू?

शेतातला_सांगलीकर

मंडळी, मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे अडचण नीट कळेल.

आम्ही अमेरिकेत जॉर्जिया राज्यात राहतो, अटलांटापासून दीडेक तासावर. तीन वर्षांपूर्वी ११ एकर जागा घेतली. माती कोकणासारखी तांबडी, पाऊस पडला की चपलेला चिकटून वर येणारी. घर खाली, तळं वर आणि मधे चांगला चढ. दर उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून येतात. बाबा ७४ वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत, मणक्याचं एक ऑपरेशन झालंय. पण संध्याकाळी तळ्यावर जाऊन बसायचं हा त्यांचा हट्ट. गेल्या वर्षी निम्म्या चढावरून परत फिरावं लागलं. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, पण मला ते लागून राहिलं.

म्हणून एक जुनं ईझी-गो गोल्फ कार्ट घेतलं. त्याचं इंजिन आधीच्या मालकानं काढून विकलेलं होतं. शेजाऱ्याकडे यामाहा वॉरियर ३५० ही एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालवायची चार चाकांची बाइक) पडून होती. चासी वाकलेली, पण इंजिन ठणठणीत: एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं, सहा गियर आणि रिव्हर्स, मागे चेन. ते काढून आणलं.

बेत असा आहे: इंजिन सीटखाली चासीला पक्कं बोल्ट करायचं आणि चेन मागे कार्टच्या मूळ गियरबॉक्सला न्यायची. त्यातच डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) आहे आणि मागचे ड्रम ब्रेकही तिथेच आहेत, म्हणून तो ठेवायचाय. मागे सध्या कमान पाटे आहेत.

प्रश्न: पाटे ठेवू, की काढून कॉइल स्प्रिंगचे शॉकअप लावू? लावले तर किती ताकदीचे? बाबांच्या पाठीला धक्के बसता कामा नयेत, ही पहिली अट.

नदीकाठ

फोटो टाका राव. वाचनखूण साठवली आहे.

उद्यमनगरी

दादा, स्प्रिंग नंतर बघू, आधी चेनचं बोला. इंजिन चासीला आणि एक्सल पाट्यांवर, म्हणजे एक जागेवर उभा आणि दुसरा वरखाली नाचणार. चेन काय रबराची आहे होय? आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात असलं काम घेऊन कोणी आलं, तर पहिलं हेच विचारतील.

धुरा_आणि_चाक

उद्यमनगरी यांच्याशी पूर्ण सहमत. मी मिशिगनमध्ये गाड्यांच्या चासी विभागात काम करते. आकडे मांडते, म्हणजे चित्र स्पष्ट होईल.

समजा इंजिनच्या स्पॉकेटपासून (चेनचं दातेरी चाक) मागच्या स्पॉकेटपर्यंत ४५० मिमी अंतर आहे आणि दोन्ही एका पातळीत आहेत. पाट्यांवरचा एक्सल खड्ड्यात जवळजवळ सरळ वर जातो. तो ७५ मिमी वर गेला की अंतर ४५६ मिमी होतं. सहा मिलिमीटर! एवढी ताणायला चेन तयार नसते. एक तर चेन तुटेल, नाहीतर गियरबॉक्सचं बेअरिंग जाईल. त्यासाठी आधीच सैल ठेवली, तर सपाट रस्त्यावर ती स्पॉकेटवरून उडी मारेल.

एटीव्हीत हे कसं सोडवलंय ते बघा. तिथे मागचा एक्सल स्विंग आर्म नावाच्या झुलत्या दांड्यावर असतो आणि तो ज्या खुंटीभोवती फिरतो, ती इंजिनच्या स्पॉकेटच्या अगदी मागे असते. खुंटी स्पॉकेटपासून ८० मिमी मागे आणि आर्म ४५० मिमी धरला, तर चाक तेवढंच ७५ मिमी वर गेल्यावर अंतर जेमतेम १ मिमी कमी होतं. चेनची वरची बाजू ताणलेली असते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा मिळून २ मिमी सैलपणा खालच्या बाजूला येतो आणि मधोमध साधारण २ सेंमी झोल पडतो. तेवढा झोल चेन सहज पचवते.

तेव्हा "पाटे की कॉइल" या प्रश्नाआधी "एक्सल कशाभोवती फिरणार" हे ठरवा. मागचं सगळं डिझाइन त्या एका खुंटीवर उभं राहणार आहे.

शेतातला_सांगलीकर

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इंजिन बसवायच्या पट्ट्या कापूनसुद्धा झाल्या होत्या. मग एटीव्हीचा स्विंग आर्मच उचलून लावला तर? तो माझ्याकडे आहे, एक्सल आणि डिस्क ब्रेकसकट.

पिठमपूरचा_चिखल

तो लावू नका. दोन कारणं.

एक, त्या एक्सलला डिफरन्शियल नाही. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. मातीत चालतं, कारण आतलं चाक घसरतं. तुमच्या घरासमोर काँक्रीट असेल, तर प्रत्येक वळणावर टायर खरडेल आणि कार्ट सरळच जायला बघेल.

दोन, एटीव्हीवर माणूस वळणात अंग टाकतो. कार्टवर चार जण सोफ्यावर बसल्यासारखे बसतात. त्या स्विंग आर्मची खुंटी एक सरळ आडवी नळी असते, त्यामुळे मागची दोन्ही चाकं एकदमच वर जातात. एकच चाक दगडावर गेलं की सगळी बॉडी तिरकी होते. मणक्याच्या माणसाला वरखाली धक्क्यापेक्षा हे डावी-उजवीकडचं झुलणं जास्त त्रास देतं.

मी कॉलेजात असताना बाहा स्पर्धेच्या (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची शर्यत) टीममध्ये होतो, पिठमपूरला. तिथे तेव्हा सगळ्यांना तेच १० अश्वशक्तीचं इंजिन मिळायचं, त्यामुळे खरी चढाओढ सस्पेन्शनमध्ये असायची. आमचं ट्रेलिंग आर्मचं (पुढून टांगलेला, मागे चाक धरणारा दांडा) ब्रॅकेट शेवटच्या मोठ्या शर्यतीत वेल्डिंगपाशी फाटलं आणि वर्षभराची मेहनत तासाभरात चिखलात बसली. ती रात्र आठवली की अजून पोटात कालवतं. त्याबद्दल पुढे लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

बांधावरून

मला एक कळत नाही. एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्या कार्टचं मूळ जातीचं इंजिन सेकंडहँड मिळेल की. किंवा सरळ साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायची तयार ऑफ-रोड गाडी) घ्या, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, सीटबेल्ट, सगळं तयार. वडिलांसाठी करताय ना? मग वडिलांना प्रयोगाची गाडी कशाला?

शेतातला_सांगलीकर

बांधावरून, तुमचा मुद्दा रास्त आहे. घरातही हेच ऐकतोय. साइड-बाय-साइडवर बाबांना चढता येत नाही, पाय खूप उचलावा लागतो. कार्टची पायरी खाली आहे, बसणं खुर्चीसारखं आहे. मूळ इंजिनानं चार माणसं घेऊन आमचा चढ चढेल याची खात्री नाही. आणि बाबांनी आयुष्यभर साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये काम केलंय. ही गाडी आम्ही दोघं मिळून करणार आहोत. ते स्टुलावर बसून स्केच काढतात, मी कापतो.

बांधावरून

असं आहे होय. मग माझा विरोध मागे. काकांना नमस्कार सांगा.

टेल्को_निवृत्त

वर्कशॉपमधल्या माणसाचं नाव निघालं म्हणून मीही लिहितो. ३४ वर्षं पिंपरीत ट्रकच्या एक्सलवर घालवली.

एक सोपी गोष्ट. आपल्या रिक्षाच्या मागे वाकून बघा. इंजिन, गियरबॉक्स, डिफरन्शियल वर चासीला रबरी बुशांवर टांगलेले. प्रत्येक मागच्या चाकाला स्वतःचा ट्रेलिंग आर्म, स्प्रिंग आणि शॉकअप. मधे दोन छोटे शाफ्ट. इंजिन स्प्रिंगच्या वर राहतं, चाक एकटं हलतं. खड्ड्यांत इतकी वर्षं टिकलेली व्यवस्था आहे. सांगलीकरांना तीच करता येईल. डिफरन्शियल चासीला, चेन पक्क्या अंतरावर, पुढे दोन हाफ शाफ्ट.

धुरा_आणि_चाक

काका, कल्पना उत्तमच आहे. पण त्यांच्या कार्टचा गियरबॉक्स आणि एक्सलच्या नळ्या एकसंध आहेत. रिक्षासारखं करायचं तर नळ्या कापाव्या लागतील, शिवाय ब्रेकचे ड्रम आर्मवर नवीन बसवावे लागतील. कार्टची रुंदीही कमी. हाफ शाफ्ट २५० मिमीचा धरला आणि चाक ७५ मिमी वर गेलं, तर शाफ्ट जवळजवळ १७ अंश वाकतो आणि ११ मिमी लांब व्हायला मागतो. चांगला सीव्ही जॉईंट (वाकलेला असतानाही फिरत राहणारा सांधा) हे करतो, पण घरच्या गॅरेजमध्ये ते सगळं एका रेषेत आणणं कठीण.

उद्यमनगरी

रिक्षावरून आठवलं. रिक्षा राहू दे, स्कूटर बघा! ॲक्टिव्हाचं इंजिन चासीला पक्कं नसतंच. इंजिन आणि मागचं चाक मिळून एकच तुकडा, पुढे खुंटीवर टांगलेला, मागे शॉकअप. पट्टा आतल्या आत फिरतो, त्याला खड्डा कळतच नाही. कार्टमध्येही इंजिन आणि एक्सल एका पाळण्यात घाला आणि आख्खा पाळणा झुलू द्या. चेनचं अंतर जन्मभर तेवढंच.

शेतातला_सांगलीकर

उद्यमनगरी, मी आत्ता बाहेर जाऊन टॉर्च लावून कार्टखाली शिरलो. मूळ पाळणा अजून तिथेच आहे! जुनं इंजिन एक्सलला जोडलेल्या लोखंडी पाळण्यातच होतं. वॉरियरचं इंजिन उंच आहे, त्यात मावत नाही म्हणून मी तो काढून टाकणार होतो.

टेल्को_निवृत्त

पाळण्याला माझा एक आक्षेप. इंजिनचं सगळं वजन स्प्रिंगच्या खाली गेलं. खालचं वजन जितकं जास्त, तितका खड्ड्याचा दणका वर जास्त येणार. आम्ही एक्सलवरचा एकेक किलो कमी करायला महिने घालवायचो.

धुरा_आणि_चाक

काका, इथेच गंमत आहे. इंजिन पाळण्यात *कुठे* आहे त्यावर ते ठरतं. खुंटीपासून एक्सल ६०० मिमी आणि इंजिनचा गुरुत्वमध्य २०० मिमी असेल, तर चाक ७५ मिमी उडतं तेव्हा इंजिन फक्त २५ मिमी हलतं. चाकाला जाणवणारं वजन अंतराच्या गुणोत्तराच्या वर्गानं कमी होतं, म्हणजे इथे एक नवमांश. सांगलीकर, तुमचं इंजिन किती किलोचं आहे?

शेतातला_सांगलीकर

वजनकाट्यावर ४१ भरलं.

धुरा_आणि_चाक

मग चाकांना ते साडेचार किलोसारखं वाटेल. तेच एक्सलच्या डोक्यावर ठेवलंत तर पूर्ण ४१. पाळणा नवीन बनवा, लांब करा, इंजिन शक्य तेवढं खुंटीकडे सरकवा.

टेल्को_निवृत्त

पटलं. आक्षेप मागे घेतो. मुलीनं चांगला हिशोब मांडला.

उद्यमनगरी

काका, ताई म्हणा की! पण पिठमपूरवाल्यांचा मुद्दा राहिलाच. पाळण्याची खुंटी आडवी नळी केली, तर परत दोन्ही चाकं एकदमच उचलणार. त्याला उपाय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा. ट्रॉलीचा हुक एकाच जागी असतो, म्हणून ट्रॅक्टर सरीत आणि ट्रॉली बांधावर असली तरी दोघं आपापले तिरके होतात. पाळणा इंग्रजी ए अक्षरासारखा त्रिकोणी करा. पुढे मधोमध एकच सांधा, मागे एक्सल.

पिठमपूरचा_चिखल

ट्रॉलीचा हुक! दोन दिवस हेच डोक्यात घोळत होतं आणि शब्द सापडत नव्हता. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्येही मागचा एक्सल एका नळीनं पुढच्या एकाच गोळ्याला जोडलेला होता.

पण एक सांधा म्हटला की एक्सल डावी-उजवीकडे सरकायला मोकळा झाला. त्याला आडवी दांडी हवी, पॅनहार्ड रॉड. एक टोक चासीला, दुसरं एक्सलला. ही दांडी शक्य तेवढी लांब घ्या आणि रोजच्या वजनाला आडवी राहील अशी बसवा. ७०० मिमीची दांडी असेल तर ७५ मिमी उसळीला एक्सल फक्त ४ मिमी बाजूला जातो. निम्मी केलीत तर ८.

आता माझं फाटलेलं ब्रॅकेट. आम्ही फक्त उभ्या धक्क्याचा हिशोब केला होता, आडव्याचा नाही. चार माणसं बसल्यावर मागच्या दोन चाकांवर मिळून ४५० किलो धरा. जोरात वळताना वजनाच्या ०.६ पट आडवा जोर आला, तर त्या एका दांडीवर २७० किलो. मागचं चाक आडवं घसरत जाऊन ओंडक्यावर आपटलं तर त्याच्या कितीतरी पट. ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी पत्रा द्या, बोल्ट दोन पत्र्यांमध्ये धरलेला असू दे. एका बाजूनं लटकणारा बोल्ट ठेवू नका. कृपा करून.

माथेरान_प्रेमी

थोडं अवांतर. डिसेंबर २०२२ मध्ये माथेरानला प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. आमच्या आईला त्यामुळे तिथे परत जाता आलं. तांबडी माती, चढ आणि म्हातारं माणूस, म्हणून तुमचा धागा वाचताना तेच डोळ्यांसमोर आलं. लवकर पूर्ण करा.

साताऱ्याचा_सुभेदार

आमच्याकडे पण जुन्या कारचं इंजिन पडून आहे. शेतावर असं काही केलं तर चालेल का?

उद्यमनगरी

शेताच्या कुंपणात तुम्ही राजे. पण नोंदणी झालेल्या गाडीत असला मूळ बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, रस्त्यावर आणू नका. तुम्ही वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

पीचट्रीकर

मी पीचट्री सिटीत राहतो, तुमच्याच राज्यात. इथे गावभर सुमारे १०० मैलांच्या पायवाटा आहेत आणि त्यावर लोक गोल्फ कार्टनं शाळेत, दुकानात जातात. माझा सल्ला इतकाच, की कार्ट रस्त्यावर नेणार असाल तर वेग बघा. २० मैलांच्या वर गेली की केंद्राच्या नियमात ती कमी वेगाच्या वाहनात मोजली जाते आणि दिवे, आरसे, सीटबेल्ट, काच सगळं लागतं. त्या वर्गाची कमाल मर्यादा ताशी २५ मैल. वॉरियरचं इंजिन त्याच्याही पलीकडे सहज नेईल.

शेतातला_सांगलीकर

रस्त्यावर अजिबात नेणार नाही. स्वतःच्याच जागेत, ताशी १५ मैल खूप झाले.

रात्रपाळी

मी टेनेसीत आपत्कालीन विभागात नर्स आहे. ते १५ मैल कृपया बोलण्यापुरते ठेवू नका, थ्रॉटलला लोखंडी अडसर घालून पक्के करा. गोल्फ कार्टवरून पडलेली माणसं आमच्याकडे येतात. लहान मुलं आणि वयस्कर जास्त. कार्ट आपटलेली नसते, फक्त झटक्यात वळलेली असते आणि माणूस बाहेर. मागे तोंड करून बसायची सीट असेल तर नुसता वेग वाढवला तरी माणूस स्वतःच्या समोर, म्हणजे कार्टच्या मागे बाहेर पडतो. कंबरेला धरणारा उंच दांडा आणि पट्टा दोन्ही लावा. तुमच्या बाबांचं वय वाचून राहवलं नाही.

धुरा_आणि_चाक

रात्रपाळी यांनी लिहिलंय ते सस्पेन्शनइतकंच महत्त्वाचं आहे. आकडा देते. मागच्या चाकांमधलं अंतर ९७० मिमी आणि चार माणसांसकट गुरुत्वमध्य ७५० मिमी उंचीवर धरला, तर आडवा जोर वजनाच्या ०.६५ पट झाला की कार्ट उलटायला लागते. ताशी २५ किमी वेगानं ८ मीटरच्या वळणात ०.६१ पट जोर येतो. म्हणजे काठावर. आता कोणी हौसेनं सहा इंच उंची वाढवली, तर मर्यादा ०.५४ होते आणि त्याच वळणात, त्याच वेगात कार्ट आडवी. म्हणून नवीन पाळणा करताना उंची वाढवू नका. वेग २५ चा ४० केला तर तोच जोर अडीच पट होतो.

ब्रेकही लक्षात घ्या. फक्त मागचे ड्रम आहेत, तेही केबलवर. तेवढ्याच वेगासाठी ते पुरतात.

शेतातला_सांगलीकर

रात्रपाळी, मनापासून आभार. तुमची प्रतिक्रिया बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "अडसर वेल्ड करून टाक, बोल्ट नको, नाहीतर तूच काढशील." वेल्ड करतोय.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ का? स्प्रिंग किती?

मोजमापं: एकटा मी बसलो की मागच्या प्रत्येक चाकाखाली १४५ किलो. त्यातलं चाक, एक्सल, पाळण्याचा हिस्सा धरून ३५ किलो स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे वरचं ११०. चौघं बसले की प्रत्येक चाकावर आणखी ८०.

टेल्को_निवृत्त

पाठीसाठी मऊ ठेवा. सेकंदाला दीड हेलकावा असेल तर शरीराला बरं वाटतं. कारसारखं.

धुरा_आणि_चाक

काका, कारमध्ये हे चालतं कारण रिकामी आणि भरलेली यांत एवढा फरक नसतो. इथे ११० चे १९० किलो होतात. तोंडी करायचा हिशोब सांगते: २५ ला हेलकाव्यांच्या वर्गानं भागलं की स्प्रिंग स्वतःच्या वजनानं किती सेंमी दबेल ते येतं. दीड हेलकाव्याला ११ सेंमी. त्यात चौघं बसले की आणखी ८ सेंमी दबणार. एवढी जागा चाकावर नाही. शॉकअप तळाला आपटेल आणि तो दणका थेट मणक्यात जाईल. मऊ स्प्रिंगचा सगळा हेतूच फसला.

दोन हेलकावे घेतले तर एकट्याला सव्वासहा सेंमी दबेल, चौघांना आणखी साडेचार. आणि चौघं बसल्यावर हेलकावे आपोआप दीडवर येतात. म्हणजे बाबा, आई, नातू सगळे बसतील तेव्हाच गाडी सर्वांत मऊ लागेल.

चाकापाशी ताकद साधारण १७.४ न्यूटन प्रति मिमी हवी. शॉकअप खुंटीपासून ५४० मिमीवर, म्हणजे ०.९ अंतरावर असेल, तर १७.४ भागिले ०.८१, साधारण २१.५. तुमच्याकडे स्प्रिंग पाउंड-इंचात मिळतात, तिथे १२५ ची मागा. शॉकअप शक्य तेवढे बाहेर, चाकांजवळ लावा, म्हणजे बॉडी कमी झुलेल. चाकाला एकूण १६० मिमी हालचाल मिळेल असं बघा आणि तळाला रबरी ठोकळा असू द्या.

टेल्को_निवृत्त

मान्य. एक पुरवणी. चढावर जोर लावला की पाळण्याचं नाक वर उठायला बघतं. चाकांची पकड सुटेपर्यंतचा जोर धरून मी हिशोब केला, पुढच्या सांध्यावर ६५-७० किलोचा उभा रेटा येतो. ब्रेक लावला की उलट खाली. तिथे ट्रेलरचा लोखंडी गोळा लावलात तर दर गियरला ठण्ण वाजेल. ट्रकच्या टॉर्क रॉडचा जाड रबरी बुश वापरा. तोही सगळीकडे थोडा फिरतो आणि आवाज गिळतो.

पिठमपूरचा_चिखल

काही बारीक गोष्टी. इंजिन आता हलणार, म्हणून पेट्रोलची नळी, वायरी, थ्रॉटल-क्लचच्या केबली सगळ्यांना सैल वळसा द्या. गियरला सळई नको, पुश-पुल केबल घ्या. हवेवर थंड होणारं इंजिन सीटखाली कोंडलंय, चढावर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये तापेल. कारचा १२ व्होल्टचा पंखा लावा. आणि कार्टचा गियरबॉक्स आधीच दहापटीच्या वर वेग कमी करतो, त्यात वॉरियरचा पहिला गियर म्हणजे भलताच जोर, दात जातील. दुसऱ्यानं सुरुवात करा.

नदीकाठ

फोटो??

शेतातला_सांगलीकर

पाच आठवड्यांनी परत येतोय. उशिराबद्दल क्षमा, रोज संध्याकाळी गॅरेजमध्येच होतो.

पाळणा झाला. बाबांनी वर्तमानपत्रावर काढलेल्या स्केचवरून. त्रिकोणी, पुढे ट्रकचा बुश, इंजिन खुंटीपासून २१० मिमीवर बसलं. २०० काही जमलं नाही, स्टार्टर आडवा येत होता. चेन ताणायला इंजिनच्या पट्ट्यांना लांबट भोकं ठेवली. पॅनहार्ड रॉड ६८० मिमी, दोन्ही टोकं दुहेरी पत्र्यात. पिठमपूरचा_चिखल, ते ब्रॅकेट वेल्ड करताना तुमची आठवण काढली.

१२५ च्या स्प्रिंग लावल्या. एकटा बसलो तर ६४ मिमी दबतात, चौघं बसलो तर आणखी ४७. ताईंचा हिशोब दोन-चार मिलिमीटरच्या आत उतरला. बाबा तो कागद पाकिटात घेऊन फिरतात.

एक चूक झाली. गियरला पहिल्यांदा सळईच लावली होती, घाईत. पहिल्या चढावर पाळणा हलला आणि गियर सुटला. गाडी मागे आली, ब्रेकवर थांबली. बाबा तेव्हा गाडीत नव्हते, पण माझे हातपाय गार पडले. दुसऱ्या दिवशी केबल टाकली, मग त्यांना बसवलं.

काल संध्याकाळी सगळे तळ्यावर गेलो. ओढ्याच्या दगडांवर डावं चाक चढलं, पाळणा तिरका झाला, सीट जवळजवळ सपाट राहिली. बाबांनी मागे वळून चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "हुक बरोबर काम करतोय." तासभर बसलो. परत येताना पाठ दुखतेय का विचारलं, तर म्हणाले, उद्या जरा लवकर निघू.

उद्यमनगरी

नाद खुळा! काकांना कोल्हापूरकडून मुजरा.

रात्रपाळी

पट्टे लावले ना?

शेतातला_सांगलीकर

चारही सीटना लावले. मागच्या सीटला कंबरेपर्यंतचा दांडासुद्धा. अडसर वेल्ड केलाय.

धुरा_आणि_चाक

फार आनंद झाला. आता एक काम उरलंय: पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर पॅनहार्डचे आणि पुढच्या बुशाचे बोल्ट परत आवळा. नवीन वेल्डिंग आणि नवीन रबर दोन्ही बसतात थोडे.

शेतातला_सांगलीकर

आत्ताच आवळून आलो ताई. पॅनहार्डचे पक्के होते. बुशाचा पाव आटा फिरला. पाना बाबांच्या हातात होता.